चार जुलै : दोन माजी अध्यक्ष एकाच दिवशी गेले, हा निव्वळ योगायोग?

पाटीपेन्सिल :
शाळेत फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात दिनविशेष लिहायचं काम माझ्याकडे होतं. ४ जुलैला दरवर्षी दोन ओळी ठरलेल्या : अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, स्वामी विवेकानंद पुण्यतिथी. जुलैत खडू दमट असायचे, त्यामुळे तिसरी ओळ लिहायचा उत्साहही नसायचा.

गेल्या महिन्यात व्हर्जिनियात भाच्याकडे होते. तो मला माँटिचेलोला घेऊन गेला, म्हणजे थॉमस जेफरसनच्या घरी. दोन खोल्यांच्या मधल्या कोनाड्यात बसवलेला त्याचा पलंग पाहिला. एका बाजूने उतरलं की अभ्यासिका, दुसऱ्या बाजूने उतरलं की निजायची खोली. तिथे कळलं की तो याच पलंगावर ४ जुलै १८२६ रोजी दुपारी एकच्या सुमारास गेला. त्याने लिहिलेल्या अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला त्या दिवशी बरोब्बर ५० वर्षं झाली होती. वय ८३. आणि त्याच संध्याकाळी, सहा वाजून गेल्यावर, मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सीत जॉन ॲडम्स गेला. वय ९०. तो जाहीरनामा मंजूर करून घेण्यासाठी सभागृहात सगळ्यात जास्त भांडलेला माणूस. दोघेही माजी अध्यक्ष, आधी दोस्त, मग वैरी, मग पुन्हा दोस्त.

पुढे १८३१ साली पाचवा अध्यक्ष जेम्स मन्रो गेला, तोही ४ जुलैलाच. म्हणजे पहिल्या पाचातले तीन.

तुम्हाला काय वाटतं? योगायोग, की माणूस खरंच एखाद्या दिवसासाठी श्वास धरून ठेवू शकतो? भाचा म्हणाला, "मावशी, हे तुझ्या त्या साईटवर टाक, आठवडाभर भांडतील." म्हणून टाकतेय.

मोदकसम्राट :
रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर.

खडीसाखर :
धरू शकतो. आमची आजी आठ दिवस पाण्याच्या घोटावर होती. डॉक्टर रोज म्हणायचे आजची रात्र. धाकटा काका दुबईहून आला, तिच्या उशाशी बसला, तिने डोळे उघडून "जेवलास का" विचारलं आणि तासाभरात गेली. यावर मला कुणी गणित शिकवू नये.

अर्धा_चहा :
भीष्माने उत्तरायणाची वाट पाहिली, यांनी लाँग वीकेंडची. दिवे घ्या.

नाना_न्यूजर्सीकर :
छान विषय. इथे राहून अठ्ठावीस चार जुलै झाले, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

पहिलं म्हणजे चार तारीख हीच मुळात गफलत आहे. इंग्लंडपासून वेगळं व्हायचा ठराव मंजूर झाला २ जुलै १७७६ ला. ॲडम्सने दुसऱ्या दिवशी बायकोला, ॲबिगेलला, पत्र लिहिलं की दोन जुलै हा दिवस पुढच्या पिढ्या मिरवणुका, खेळ, तोफा, घंटा, रोषणाई करून साजरा करतील. सगळं जसंच्या तसं खरं ठरलं, फक्त तारीख चुकली. चार तारखेला मजकूर मंजूर झाला आणि रात्री जॉन डनलॅपच्या छापखान्यात गेला. छापील प्रतींवर चार तारीख पडली, तीच लोकांच्या डोक्यात बसली. सह्या बहुतेकांनी केल्या २ ऑगस्टला. दोन डॉलरच्या नोटेमागे जे चित्र आहे ते लोक सह्यांचं समजतात, त्यात खरं तर मसुदा सादर होतोय.

दुसरं, या दोघांचं भांडण. १८०० च्या निवडणुकीत जेफरसनने ॲडम्सला हरवलं. शपथविधीच्या दिवशी ॲडम्स पहाटे चारच्या गाडीने वॉशिंग्टन सोडून गेला, थांबला नाही. अकरा वर्षं जवळजवळ अबोला. बेंजामिन रश नावाच्या दोघांच्या मित्राने मध्यस्थी केली आणि १ जानेवारी १८१२ ला ॲडम्सने पत्र टाकलं. लिहिलं की आमच्याकडे घरी विणलेल्या कापडाचे दोन तुकडे पाठवतोय. जेफरसनने ते खरंच कापड समजून व्हर्जिनियातली सूतकताई, चरखे, घरोघरचे माग यावर ऐसपैस उत्तर लिहिलं. पार्सल मागून आलं. उघडलं तर ॲडम्सच्या मुलाने लिहिलेल्या व्याख्यानांच्या पुस्तकाचे दोन खंड!

तिथून पुढे चौदा वर्षं पत्रं चालू. मेल्यावर काय, धर्म काय, म्हातारपणात दात पडणं काय, सगळं.

आता मूळ प्रश्न. १८२६ च्या ३० जूनला गावातली मंडळी ॲडम्सकडे आली, परवा-तेरवाच्या समारंभासाठी काहीतरी शब्द द्या म्हणाली. तो म्हणाला, "स्वातंत्र्य चिरायू होवो." आणखी काही? "एक शब्दही नाही." म्हातारा दिवस मोजत होताच की.

मोदकसम्राट :
कापडाचा किस्सा कहर आहे. आमच्या मामांनी "मुलीला स्थळ आलंय" असं लिहिलं होतं, वडिलांना वाटलं प्लॉट मिळाला.

गणितीण :
खडीसाखर, शिकवत नाही, फक्त मांडते.

एखादा माणूस वर्षाच्या कुठल्याही दिवशी सारख्याच शक्यतेने मरतो असं धरू. मग दोन ठरावीक माणसं एकाच ठरावीक दिवशी जाण्याची शक्यता १,३३,२२५ मध्ये १. पाच माणसांपैकी किमान तीन त्या दिवशी जाण्याची शक्यता साधारण ४८ लाखांत १. भयंकर वाटतं ना? पण गोम "ठरावीक" या शब्दात आहे. ४ जुलै आपण आधी ठरवला नव्हता. वॉशिंग्टनच्या जन्मदिवशी दोघे गेले असते तरी हाच धागा निघाला असता. दोघांचा वाढदिवस एक असता तरी, दोघे एकाच आजाराने गेले असते तरी. आधी बाण मारायचा आणि मग त्याभोवती वर्तुळ काढायचं, असा प्रकार आहे.

तरीही मी कबूल करते की वर्तुळ फारच सुबक पडलंय.

स्टेथो_आणि_पेटी :
डॉक्टर म्हणून दोन शब्द. शेवटच्या दिवसांत माणूस आठवडे धरू शकत नाही, पण तास-दोन तास किंवा एखादी रात्र याबद्दल मी पैज लावणार नाही. आणि जेफरसनच्या बाबतीत एक साधी गोष्ट आहे. तीन तारखेच्या रात्री तो मधूनच जागा होऊन विचारत होता की चार तारीख लागली का. त्याला नेहमीप्रमाणे लॉडनम, म्हणजे अफूचं औषध, देऊ केलं तर नको म्हणाला. गुंगीचं औषध नाकारलेला अतिवृद्ध माणूस काही तास जास्त काढतो, यात मला चमत्कार दिसत नाही. इच्छा होती आणि उपायही त्याच्या हातात होता.

गणितीण :
मान्य. पण मग मॅडिसनचं काय? चौथा अध्यक्ष. १८३६ च्या जूनअखेर तोही अंथरुणाला खिळला होता. चार जुलैपर्यंत टिकण्यासाठी उत्तेजक औषधं देऊ का, असं त्याला विचारलं, असं सांगतात. तो नको म्हणाला आणि २८ जूनला गेला. सहा दिवस आधी. घटना मसुद्याचा शिल्पकार होता, त्याला तारखांचं कौतुक नसावं. जे वाट बघून पोचले ते गोष्टीत येतात. जे वाट बघूनही आधीच गेले त्यांची गोष्ट कोण सांगतं? आणि मन्रो वाट बघत होता की नाही, कुणास ठाऊक.

खडीसाखर :
ठीक आहे बाई. पण काका दुबईहून आला होता.

गणितीण :
:) काकांना नमस्कार.

अर्धा_चहा :
मॅडिसन खरा पुणेकर. "जायचं असेल तर वेळेवर जातो, समारंभासाठी थांबायला आम्हाला वेळ नाही."

ढोलताशा :
विषय निघालाच आहे म्हणून, इथल्या फटाक्यांनी आमच्या कुत्र्याची दरवर्षी वाट लागते. बाथटबमध्ये जाऊन बसतो, वर दोन उश्या लागतात. ॲडम्सने तोफा आणि रोषणाई लिहिताना कुत्र्यांचा विचार केला नव्हता.

उंबरठा :
धागा छान चाललाय, पण त्या कोनाड्यातल्या पलंगाजवळ आणखी एक माणूस उभा होता. त्याच्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

शेवटच्या तासांत जेफरसन काहीतरी खुणेने सांगत होता. नातू, डॉक्टर, सगळे जवळ होते, कुणाला कळेना. बर्वेल कोल्बर्टला कळलं. त्याने उशी सारखी करून डोकं वर उचलून दिलं. बर्वेल हा त्या घरचा गुलाम. आयुष्यभर सेवेत असल्यामुळे त्याला खुणा पाठ होत्या.

मृत्युपत्राने जेफरसनने फक्त पाच गुलाम मोकळे केले, त्यात बर्वेल होता. जो फॉसेट नावाचा लोहारही होता, पण त्याला मुक्ती मिळायची होती मालकाच्या मृत्यूनंतर एक वर्षाने, म्हणजे ४ जुलै १८२७ ला. जेफरसनवर एक लाख डॉलरहून जास्त कर्ज होतं. ते फेडायला जानेवारी १८२७ मध्ये लिलाव मांडला. शंभराच्या वर माणसं विकायला काढली. जो अजून मोकळा झाला नव्हता, तेव्हा त्याची बायको ईडिथ आणि मुलं वेगवेगळ्या लोकांनी विकत घेतली. ईडिथ ही अध्यक्षांच्या घरी फ्रेंच आचाऱ्याच्या हाताखाली शिकलेली स्वयंपाकीण. जोने पुढे पैसे जमवून तिला आणि काही मुलांना सोडवलं. सगळ्यांना नाही जमलं. मुलगा पीटर लिलावाच्या वेळी अकरा वर्षांचा होता. तो पुढे ओहायोत धर्मोपदेशक झाला आणि १९०० साली, म्हातारपणी, माँटिचेलो बघायला परत गेला.

योगायोगच हवे असतील तर हा घ्या : न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी कायद्याने संपली तोही दिवस ४ जुलै १८२७. पण तिथल्या बऱ्याच काळ्या लोकांनी मिरवणूक काढली पाच तारखेला. चार तारखेला गोऱ्या टोळक्यांच्या हातचा मार खायची भीती असायची आणि तो दिवस आपला नाही ही भावनाही होती. गुलामगिरीतून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लस या वक्त्याने रॉचेस्टरला "गुलामाला तुमचा चार जुलै काय" हे भाषण केलं तेही ५ जुलैला, १८५२ साली.

नाना_न्यूजर्सीकर :
उंबरठा, माहिती मोलाची आहे, पण दोन म्हाताऱ्यांच्या मैत्रीची गोष्ट चालली असताना दरवेळी हे मध्ये आणायलाच हवं का? त्या काळाच्या चौकटीत बघावं माणसाला. आणि ॲडम्सने आयुष्यात एकही गुलाम ठेवला नाही, हेही लिहा की.

उंबरठा :
लिहिते : ॲडम्सने ठेवला नाही. त्याच काळात, त्याच चौकटीत, ठेवला नाही. तुम्हीच माझं काम सोपं केलंत नाना.

आणि मध्ये कुठे आणलं? खोलीत जे होते त्यांचीच नावं घेतली. प्रश्न होता चार जुलैला काय घडलं.

कोयना_काठ :
नाना, "दरवेळी" म्हणू नका, आपल्याकडे ही गोष्ट दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी मध्ये आणली होती. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मोकळं करणाऱ्या लोकांना. पुण्यात बसून त्यांना तो संबंध दिसला होता.

नाना_न्यूजर्सीकर :
बरं. मागे घेतो. जो फॉसेटचं मला माहीत नव्हतं. माँटिचेलोला तीनदा गेलोय, दर वेळी पाहुणे घेऊन, आणि दर वेळी बागेतल्या भाज्या बघून परत आलोय.

पाटीपेन्सिल :
मी पण बागेचेच फोटो काढले. भेंडी लावलेली होती.

खडीसाखर :
भेंडी??

पाटीपेन्सिल :
हो, जेफरसनच्या नोंदवहीतच आहे म्हणे. आफ्रिकेतून गुलामांबरोबर आलेली भाजी. म्हणजे उंबरठा म्हणतात ते बागेतही आहेच.

मोदकसम्राट :
आलो. मरणाचं बरंच झालं, जन्मांचं बघू. ज्या दिवशी हे दोघे गेले त्याच दिवशी, ४ जुलै १८२६ ला, पिट्सबर्गजवळ स्टीफन फॉस्टर जन्मला, ज्याची गाणी अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून म्हटली गेली. अध्यक्षांपैकी चार जुलैला जन्मलेला एकच, कॅल्विन कूलिज, १८७२, व्हरमाँट. कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न १८०४ चा. सल्ला देणाऱ्या दोन प्रसिद्ध सदरलेखिका, ॲन लँडर्स आणि ॲबी, या जुळ्या बहिणी १९१८ च्या. दोघींची सदरं एकमेकींशी स्पर्धा करायची आणि दोघींचं काही काळ पटत नव्हतं. चार जुलैला भांडण मिटवायचा नियम असावा असं वाटत होतं, पण नाही.

कोयना_काठ :
फॉस्टरवरून आठवलं. १ ऑगस्ट १९२०. मुंबईत टिळक गेले आणि वाटेगावात अण्णाभाऊ साठे जन्मले. आमच्याकडे शाळेत दोन्ही फोटोंना एकच हार अर्धा-अर्धा करून घालायचे.

पाटीपेन्सिल :
आमच्या फळ्यावर फक्त टिळक असायचे. अण्णाभाऊंचं मला कॉलेजात कळलं. फळा एवढा मोठा असूनही.

स्टेथो_आणि_पेटी :
जन्मतारखेवर आता खरी गंमत. लुई आर्मस्ट्राँग, ट्रंपेटवाला, आयुष्यभर सांगायचा की माझा जन्म ४ जुलै १९००. गेल्यावर काही वर्षांनी चर्चचं बाप्तिस्म्याचं रजिस्टर सापडलं, त्यात ४ ऑगस्ट १९०१. न्यू ऑर्लिन्सच्या गरीब वस्तीतला मुलगा, तारखेचा कागद कुणाकडे? मग चांगली तारीख का घेऊ नये! जॉर्ज कोहॅन नावाच्या नाटकवाल्याचंही तसंच, घरचे चार म्हणायचे, कागद तीन म्हणतो.

अर्धा_चहा :
म्हणजे त्यांचा चार जुलै म्हणजे आपला एक जून!

ढोलताशा :
=)) आमच्या घरात वडील, दोन काका आणि एक आत्या, चौघांचा वाढदिवस १ जून. गुरुजींनी एकाच बसणीत लावून टाकले. आत्या आणि धाकटे काका यांच्यात कागदोपत्री नऊ महिन्यांचंही अंतर नाही असं निघालं होतं, ते पासपोर्टच्या वेळी निस्तरलं.

गणितीण :
महाराष्ट्रातल्या साठीपुढच्या माणसांवर माझं "सारखी शक्यता" हे गृहीतक लावलं तर कोलमडेल. नोंद घेतली.

भटकी_जमात :
कुणी झकरी टेलरचं लिहिलं नाही अजून? १८५०. चार जुलैला वॉशिंग्टन स्मारकापाशी रणरणत्या उन्हात लांबलचक समारंभ, घरी येऊन चेरी आणि गार दूध, मग पोट बिघडलं आणि ९ तारखेला अध्यक्ष खलास. विषप्रयोग झाला अशी कुजबुज इतकी टिकली की १९९१ साली शव बाहेर काढून तपासलं. आर्सेनिकने मेला असं काही निघालं नाही.

खडीसाखर :
दूध आणि फळं एकत्र. आजी असती तर अध्यक्ष वाचला असता.

स्टेथो_आणि_पेटी :
दूध-फळाला उगाच बोल लावू नका, त्या वेळच्या वॉशिंग्टनची गटारं जास्त जबाबदार असावीत. आणि त्यावर डॉक्टरांनी केलेले उपाय. (आमच्याच जमातीचं आहे, म्हणून लिहायला लाज वाटते.)

रामकृष्णहरी :
मूळ पोस्टमध्ये विवेकानंदांचा उल्लेख आहे म्हणून. ते गेले ४ जुलै १९०२ ला बेलूर मठात, वय अवघं ३९. पण त्याआधी चार वर्षं, ४ जुलै १८९८ ला, काश्मीरमध्ये असताना त्यांनी बरोबरच्या अमेरिकन शिष्यांसाठी याच दिवसावर एक इंग्रजी कविता लिहिली होती. स्वातंत्र्याचा सूर्य उगवला, अशा अर्थाची. म्हणून काही भक्त म्हणतात, त्यांनी दिवस निवडला. मी श्रद्धाळू आहे, पण इथे गणितीणबाईंच्या वर्तुळाची आठवण येते. कविता नसती तर आपण तारीख बघितली असती का?

गणितीण :
दंडवत. हे माझ्याहून चांगलं मांडलंत.

नाना_न्यूजर्सीकर :
आता मूळ प्रश्नाकडे. मला ॲडम्सच्या बाजूचं शेवटचं वाक्य सांगायचं राहिलं. असं म्हणतात की दुपारी तो पुटपुटला, थॉमस जेफरसन अजून आहे. आणि जेफरसन तर तेव्हा गेलेला होता किंवा जाण्याच्या बेतात होता. क्विन्सी ते माँटिचेलो, रस्त्याने आठशे-नऊशे किलोमीटर. तार नव्हती. ॲडम्सचा मुलगा तेव्हा अध्यक्ष, वॉशिंग्टनमध्ये. जेफरसन गेल्याचं त्याला सहा तारखेला कळलं. बाप आजारी म्हणून तो नऊ तारखेला निघाला आणि वाटेत, बाल्टिमोरच्या अलीकडे, बाप पाच दिवसांपूर्वीच गेल्याचं कळलं. त्याने डायरीत लिहिलं की ही ईश्वरी कृपेची उघड खूण आहे. अख्ख्या देशाने तेच म्हटलं. त्यामुळे योगायोग की काय, याचं उत्तर तेव्हाच्या लोकांनी तरी एकमताने दिलं होतं.

उंबरठा :
मुलाने हेही नोंदवलंय ना, की वाक्यातला शेवटचा शब्द नीट ऐकू आला नव्हता?

नाना_न्यूजर्सीकर :
हो. "थॉमस जेफरसन" एवढं स्पष्ट. "अजून आहे" हे पुटपुटणं.

पाटीपेन्सिल :
अरे देवा, मग तो काहीही असू शकतो की. "थॉमस जेफरसनने माझं कापड..."

मोदकसम्राट :
"...अजून दिलं नाही!" संपलं. हेच खरं.

भटकी_जमात :
जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या ५६ पैकी १८२६ च्या त्या दिवसानंतर एकच उरला, मेरीलँडचा चार्ल्स कॅरल. १८२८ च्या चार जुलैला, नव्वदी गाठलेली असताना, त्याने बाल्टिमोर-ओहायो रेल्वेचा पहिला दगड बसवला. गेला १८३२ च्या नोव्हेंबरात. त्याच्यावर धागा कुणी काढणार नाही, कारण तारीख साधी आहे.

पाटीपेन्सिल :
सगळ्यांचे आभार. भाच्याला लिंक पाठवली, तो म्हणतो आठवडा कुठे, चारच दिवसांत मिटलं.

माझं मत विचाराल तर जेफरसनने धरून ठेवलं, स्टेथोंनी सांगितलं तसं. ॲडम्स त्याच दिवशी जाणं मात्र योगायोग. मन्रो पण. खडीसाखर, तुमची आजी मी पहिल्या गटात टाकली आहे, काळजी नसावी.

पुढच्या वेळी माँटिचेलोला गेले तर मुलबेरी रो म्हणून जी वाट आहे, जिथे गुलामांची घरं आणि जोची लोहारशाळा होती, ती आधी बघणार आहे. या वेळी पाय दुखत होते म्हणून मी तिथे बाकावर बसून होते आणि भेंडीचे फोटो भाच्याला दाखवत होते.

ढोलताशा :
कुत्रा बाहेर आला बाथटबमधून. कळवावं म्हणून.